डाक आवृत्तीतला चौथा

नोकरीला लागले तेव्हा पहिला महिनाभर मी वर्तमानपत्राचे शब्द वहीत उतरवून पाठ करत होते. मथळा म्हणजे बातमीचं डोकं. इंट्रो म्हणजे पहिली दोन वाक्यं, त्यातच सगळं सांगून मोकळं व्हायचं. स्ट्रिंजर म्हणजे तालुक्याला किराणा विकता विकता बातम्या धाडणारा माणूस. खुलासा म्हणजे आपण चुकलो हे आतल्या पानावर, बारीक अक्षरात कबूल करणं. आमचे मुख्य उपसंपादक निजामाच्या अमदानीत उर्दू शाळेत शिकलेले. वही बघून म्हणाले, "बाई, लफ्ज पाठ करून अखबार निघत नसतो." मला असा राग आला! मला राग फार लवकर येतो, आजही येतो.

बाईमाणूस म्हणून मला दिवसपाळी दिली, अन् दिवसपाळी म्हणजे डाक आवृत्ती. शहराचा अंक रात्री छापायचा. कन्नड, सोयगाव या तालुक्यांकडचा मात्र संध्याकाळीच छापून शेवटच्या एसटीवर चढवायचा. पाच वाजता पान बंद. त्यानंतर जग बुडालं तरी ते डाक आवृत्तीत यायचं नाही, अन् लोक तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी वाचणार. त्यावर डेस्कनं, म्हणजे बातम्या लावणाऱ्या आमच्या मंडळींनी, एक तोड काढली होती. दवाखान्यात कुणी अगदी शेवटच्या घटका मोजत असेल, तर डाक आवृत्तीत त्याला गेलेल्यांत धरायचं. लोक पेपर उघडेपर्यंत तो गेलेलाच असतो, मग शिळी बातमी कशाला द्या? ही रीत कुठं लिहिलेली नव्हती. सगळे पाळत होते, अन् बहुतेक वेळा ते जुळायचंही.

त्या दिवशी कन्नडचा बाजार होता. तीनच्या सुमारास तिथल्या स्ट्रिंजरचा फोन आला. बाजारातून सोयगावकडं परतणारी जीप घाटात पलटली होती. तिघं जागीच गेले होते, त्यांचे देह कन्नडच्या सरकारी दवाखान्यात होते. चौथ्याला इकडं शहरात आणलं होतं. मी आमच्या इथल्या दवाखान्यात फोन लावला. वॉर्डातला शिपाई ओळखीचा होता. तो म्हणाला, "डोक्याला लई मार हाय, बाई. सांजपत्तोर काय टिकत नाय."

मी लिहिलं, तीन ठार, एक अत्यवस्थ. मुख्य उपसंपादक साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "सकाळी लोक हे वाचतील तेव्हा तो अत्यवस्थ असेल का, बाई?" मी माझ्या हातानं खोडलं अन् लिहिलं, चार जण जागीच ठार, मृतदेह कन्नडच्या दवाखान्यात. खाली चौघांची नावं, गावं. "पान छपाईला सोडण्याआधी एकदा फोन करून बघा," ते म्हणाले. मी लावला. लाइन बिझी होती. मला घरी जायला चिकलठाण्याची बस गाठायची होती. दुसऱ्यांदा लावला असता तर बोट झिजलं नसतं माझं, पण नाही लावला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ऑफिसात पाय ठेवला तोच शिपायाचा फोन. "बाई, तुमचा मेलेला पाणी मागतोय."

तशीच मागं फिरले. रिक्षा करून दवाखान्यात गेले. तिशीतला गडी, डोक्याला पट्ट्या, ओठ कोरडे ठाक. मला नर्स समजून म्हणाला, "आबा आला का?" त्याच्याकडचं कुणीच आलं नव्हतं. कसं येणार? गावात सकाळी हॉटेलात पेपर मोठ्यानं वाचतात. बापानं ऐकलं असणार अन् पोराचा देह ताब्यात घ्यायला उठून कन्नडला गेला असणार. त्याला तिकडं मीच पाठवलं होतं.

धावत ऑफिसात आले, कन्नडला ट्रंक कॉल नोंदवला. लाइन मिळेना. मी साहेबांवर ओरडले, "आता खुलासा द्या!" ते मान खाली घालून म्हणाले, "देऊ ना, बाई. उद्यापर्यंत पोरगा राहिला तर देऊ." बारा वाजता लाइन लागली. म्हातारा खरंच तिथं दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसला होता. तीनच देह आहेत म्हटल्यावरही हलायला तयार नव्हता, पेपरात चार आलेत म्हणत होता. मी स्ट्रिंजरला म्हटलं, "पोरगा जिवंत आहे म्हणून सांगा अन् मिळेल त्या गाडीत बसवा."

परत खाटेपाशी जाऊन बसले. पोरगा मधूनच शुद्धीवर यायचा. एकदा म्हणाला, "आबासंगं भांडून निघालो व्हतो. त्येला म्हणावं, माझा राग नाय. म्हणशाल ना?"

"म्हणेन की. पण तूच सांग, वाटंतच आहेत ते."

अडीच वाजता तो गेला.

म्हातारा पाच वाजता पोचला. धोतर धुळीनं माखलेलं, बंडीच्या खिशात आमचा पेपर घडी करून ठेवलेला. स्ट्रिंजरनं त्याला नुसतं एवढंच सांगितलं होतं की, पोराला शहरात नेलंय. मी नंतर स्ट्रिंजरला फाडून खाल्लं, तर म्हणाला, "जिवंत म्हणलो असतो अन् तिथं मढं दिसलं असतं, तर म्हातारा जागंवरच गेला असता, बाई."

शिपायानं ओळख करून दिली, "या पेपरच्या बाई." म्हाताऱ्यानं मला हात जोडले. मला! म्हणाला, "बाई, दहाव्याचे दिस धरायचेत. मास्तरानं वाचून दाखिवलं तवा काल गेला म्हणाला. हे लोक आज म्हणत्यात. तुमी लिवलंय, तुमाला ठावं. कधी गेला माझा लेक?"

शिपाई माझ्याकडं बघत होता. आज म्हटलं असतं, तर पुढचा सवाल ठरलेला होता. मग मला कन्नडला का बसवलं?

"कालच गेले," मी म्हणाले. "जागीच."

म्हाताऱ्याला त्रास नको म्हणून तसं बोलले, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. मी भ्याले होते.

त्यानं मान हलवली. खाटेवरच्या पोराच्या पायावरची चादर नीट केली. मग मला म्हणाला, "म्हंजे काय बोलला नसंल."

"नाही."

"भांडून गेला व्हता वं माझ्यासंगं. राग मनात घिऊनच गेला म्हणायचा."

निरोप माझ्या अगदी ओठांवर होता. पण जागीच गेलेला माणूस निरोप ठेवत नाही.  म्हाताऱ्यानं खिशातला पेपर काढला, पोराच्या उशाशी ठेवला अन् अँब्युलन्सची वाट बघत भिंतीला टेकून बसला.