नागीण गेल्यावरची आग

कासारीण मावशीवर अन्याय झाला: वैशाखातल्या शेवटच्या लग्नतिथीच्या आदल्या दिवशी, भरदुपारी, नवरीच्या दारात. मी त्याच गल्लीत शास्त्र-प्रसाराची पत्रकं वाटत होते, म्हणून ठणकावून सांगते. चुडा भरायला आलेल्या मावशीला नवरीच्या आईनं बाहेरच थांबवलं.

"मावशी, तुमची नागीण अजून हाय म्हणं. लेकराच्या हाताला हात नगा लावू."

मावशी पदर अंगापासून चार बोटं लांब धरून उभी. बघणाऱ्याला वाटायचं, काय ही ऐट! ऐट कसली? थंडीत तिच्या डाव्या कुशीवर नागीण उठली होती. फोड आले, गेरू लावला, खपल्या पडल्या, कातडी साफ झाली. आग मात्र राहिली. सुती पदर नुसता घासला तरी इस्तरी टेकवल्यासारखं व्हायचं.

आता गंमत ऐका. गावातले डॉक्टर म्हणायचे, "डाग गेला, आजार गेला. मनाचे खेळ आहेत." आणि गाव म्हणायचं, आग हाय म्हणजे नागीण आत जिवंत हाय. दुखतंय म्हणावं तर नवरीचा चुडा भरायचा मान आणि पोटाचा धंदा दोन्ही जाणार. दुखत नाही म्हणावं तर औषध कोण देणार?

"दोन्हीकडून मीच खोटी," मावशी हसायची. "लई भारी न्याय हाय की गं!"

मला हसू येईना. मी तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. एसटीत ती दोन्ही हात फाकवून उभी राहिली, कुणाचा धक्का लागू नये म्हणून.

"ओ मावशी, पंख कावून पसरायलात?" कंडक्टर ओरडला.

"उडायलेय! तिकीट अर्धं दे."

सगळी गाडी हसली, आणि हसता हसता जरा सरकलीही.

डॉक्टरीणबाईंनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "कांजिण्यांचा जुना विषाणू नसेच्या मुळाशी झोपलेला असतो. तो उठला की शरीराचं सैन्य धावतं आणि दाह वाढवणारी रसायनं सोडतं. लढाई संपते, फोड जातात. पण त्या रसायनांनी नस इतकी हळवी होऊन बसते की पदरही तिला निखारा वाटतो. सगळं अजून आम्हालाही कळलेलं नाही. पण दुखणं खरं आहे. आणि खपल्या पडून गेल्यावर कुणाला लागण होत नाही."

एवढ्या सगळ्यातून मावशीनं एकच शब्द उचलला. "खरं म्हणल्या? परत म्हणा बरं."

बाईंनी परत म्हटलं. मावशी लाजली.

मी पेटलेच. दोन्ही बाजूंनी बारीक टायपात पत्रक काढलं आणि दिंद्रुडच्या बाजारात वाटलं. तासाभरात त्यात भजी बांधली जाऊ लागली.

"पोरी, तुझं शास्त्र लई तेलकट झालं की!" मावशी म्हणाली.

त्याच बाजारात त्या दिवशी रंगीत टीव्हीच्या नव्या दुकानाचं उद्घाटन होतं. फीत कापली, पाहुणे जीपमध्ये बसून गेले, पण बँड वाजतच राहिला. मावशी सरळ एका रिकाम्या बैलगाडीवर चढली.

"बायांनो, फीत कापली का?"

"कापली!"

"पाव्हणे गेले का?"

"गेले!"

"मग हे कावून वाजवायलेत?"

"त्यांना कोणी थांबा म्हणलं न्हाई!"

"तसंच माझ्या कुशीत! नागीण कवाच गेली, वाजंत्री तेवढे ऱ्हायलेत. आन् ह्यांचं वाजणं ऐकून तुमच्या घरात टीव्ही येतो का?"

बाजार फुटला हसून. बँडमास्तरनं तोंडातली पिपाणी काढली. "मावशी, आमाला रोग म्हणायलात व्हय?"

"न्हाई रे बाबा! तू लई गुणाचा. वाजीव!"

त्यानं असं वाजवलं की मावशी गाडीवरच दोन गिरक्या घेऊन मोकळी झाली.

खाली उतरली तर समोर तीच नवरी, आषाढाला माहेरी आलेली. तिनं हात पुढं केला. "मावशी, भरा."

"भ्या न्हाई वाटत?"

"वाटतंय. भरा."

मावशीला बांगड्या चढवायला दोन्ही हात लागणार, मग पदर कोण धरणार? नवरीची आई दुसरीकडं बघत पुढं आली आणि तिनं मावशीचा पदर तिच्या अंगापासून लांब धरून ठेवला.

डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी आग पुष्कळ निवाली, पुरती गेली नाही. पण त्यानंतर मावशीला कुणी दारातून परतवलं नाही. या पौषात ती गेली, झोपेतच. शेवटची आंघोळ घालायला मीही होते. डाव्या कुशीशी येताच प्रत्येक बाईनं तांब्या खाली नेला आणि पाणी अगदी हळू सोडलं.

हे शहाणपण मेलेल्या बाईसाठी राखून ठेवू नका. तुमच्या गल्लीत कातडी साफ असून "आग होतेय" म्हणणारी बाई आहे. आज तिच्याकडं जा. तिला दवाखान्यात न्या. आणि "डाग कुठाय?" असं जो विचारेल, त्याला तिथंच, तिच्यादेखत, गप्प करा.