येसाजीरावांनी काढलेले खडक

येसाजीराव मोहिते फोटोग्राफर गेले, तेव्हा त्यांच्याबद्दल मी लिहावं असं मोहल्ल्यातल्या मंडळींनी ठरवलं, कारण त्यांच्या स्टुडिओच्या खालीच माझं बटणांचं दुकान. पण खरं सांगायचं तर मला ते फारसे ठाऊक नव्हते. जिना चढताना त्यांचे बूट दिसायचे, उतरताना छत्री दिसायची. त्यांना गोड आवडायचं की तिखट, देवावर त्यांचा कितपत विश्वास होता, हे मी सांगू शकत नाही. त्यांच्या पूर्वजांनी म्हैसूरच्या घोडदळात तलवार गाजवली असं ते म्हणत. त्याच घोडदळाचे अंगरखे आमच्या पूर्वजांनी शिवले असं आमच्या घरी म्हणत. यापलीकडं आमचं नातं नव्हतं. खडकांची गोष्ट तेवढी मी जवळून पाहिली, तीच सांगतो. चुकलं तर जाणत्यांनी दुरुस्त करून घ्यावं.

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात तेव्हा, म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत, लग्न जमवायचं तर आधी येसाजीरावांचा जिना चढावा लागे. त्यांचा कॅमेरा लाकडी, पेटीएवढा. फोटो काचेच्या प्लेटवर निघायचा, आणि खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं. खिडकीशी उतरत्या मेजावर ती प्लेट ठेवून ते टोकदार पेन्सिलीनं तिच्यावर काम करत. त्याला ते 'हात फिरवणं' म्हणत. देवीचे व्रण बुजत, गाल भरत, रंग दोन-तीन पिढ्यांनी उजळे. एकदा मुलगी बघायला आलेली मंडळी फोटो हातात धरून दारात उभ्या असलेल्या मुलीलाच म्हणाली, "मुलीला बाहेर बोलवा." लग्न झालं मात्र. येसाजीरावांच्या फोटोत कुणी स्वतःसारखं निघत नसे, आणि त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही.

तक्रार त्यांची स्वतःचीच होती. गावात हौशी छायाचित्रकारांचं एक मंडळ होतं. वकील, डॉक्टर, कॉफीच्या मळ्यांचे मालक असे त्यात होते आणि गळ्यात परदेशी कॅमेरे. त्यांचं दरवर्षी प्रदर्शन भरे. येसाजीराव दरवर्षी तिकीट काढून जात. एका वर्षी मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर शेषगिरी त्यांना सगळ्यांदेखत म्हणाले, "स्टुडिओवाल्यांचं काम न्हाव्यासारखं, येसाजीराव. गिऱ्हाईक बसतं, तुम्ही त्याला देखणं करून पाठवता. आमचा विषय गिऱ्हाईक नाही. निसर्ग."

त्या दिवशी ते वर न जाता माझ्या दुकानात स्टुलावर बसले.

"दामोदरा," ते म्हणाले, "माझा एक फोटो तिथं लागला पाहिजे. गिऱ्हाईक नसलेला. एकच. मग मी मेलो तरी चालेल."

"मरायचं कशाला सुम्ने?" मी म्हणालो. सुम्ने म्हणजे उगाच. आमच्या मराठीत अशी कानडी पेरलेलीच असते. "फोटो लागल्यावर बघायला तरी राहा."

निसर्ग कुठं मिळतो याची त्यांनी चौकशी केली. वरुणा गावाकडून दूध घालायला येणाऱ्या माणसानं सांगितलं, त्याच्या गावाच्या पुढं उप्पिनकेरे नावाचं खारं तळं आहे. त्याला मिळणारा ओढा वरच्या लोकांनी उसाकडं वळवला, तेव्हापासून ते दरसाल आटत चाललंय. पाणी हटलं तसे आतून खडक वर आलेत. मिठानं खाल्लेले, पांढऱ्या पुटांचे, कुणी छत्रीसारखा, कुणी वाकलेल्या म्हातारीसारखा.

आम्ही बसनं गेलो. कॅमेरा त्यांच्या मांडीवर, त्याचं तीन पायांचं तिकाटणं माझ्या. खडक खरोखर अजब होते. पण येसाजीराव त्यांच्यापुढं उभे राहिले आणि गोंधळले. आयुष्यभर त्यांनी माणसांना बसवलं होतं. खडक आधीच बसलेले.

"हा मधला थोरला," ते शेवटी म्हणाले. "याच्या दोन्ही अंगाला धाकटे यायला हवेत. तो बुटका पुढं घे."

"तो जमिनीतून आलाय, येसाजीराव."

"मग आपणच सरकू."

आम्ही सरकलो. मग त्यांना थोरल्याच्या तोंडावरची पावडर एकसारखी वाटेना. ती पावडर म्हणजे मीठ. मी धोतराच्या सोग्यानं ते पुसून काढलं. त्यांनी काळं कापड डोक्यावर घेतलं आणि सवयीनं आतून आवाज दिला, "स्वल्प नगी."

जरा हसा, असं त्यांनी खडकांना सांगितलं होतं. मागं कुणीतरी मोठ्यानं हसलं. काठावर म्हशी चारणारी, काळी घोंगडी पांघरलेली बाई होती. तिचं नाव शांताक्का.

"लग्न कुणाचं?" तिनं कानडीत विचारलं.

"कुणाचंच नाही."

"मग एवढी मोठी पेटी कशाला आणली?"

प्लेटा धुऊन झाल्यावर येसाजीरावांनी त्यांच्यावर हात फिरवला. फिरवू नये असं त्यांना कळत होतं, पण खड्डा दिसला की त्यांची पेन्सिल थांबत नसे. चार दिवसांनी त्यांनी कागदावर छापलेला फोटो घरी नेऊन पत्नीपुढं धरला. भागीरथीबाईंनी तो उजेडात नेला.

"कुणाच्या घरचं लग्न हे?"

"लग्न नाही. निसर्ग आहे."

"मला इडल्या वाटल्या," त्या म्हणाल्या. "चांगल्या फुगल्यात."

खडकांवर एक भोक शिल्लक नव्हतं. येसाजीरावांनी फोटो फाडला आणि पेन्सिली बायकोच्या हवाली केल्या. भागीरथीबाईंनी त्या डाळीच्या पिठाच्या डब्यात पुरल्या.

प्रदर्शनाला फोटो पोचवायची मुदत जवळ आली होती. आम्ही पुन्हा गेलो. तळं आणखी आटलं होतं आणि नवे खडक उघडे पडले होते. येसाजीरावांनी या वेळी काही पुसायला लावलं नाही, कुणाला हसायला सांगितलं नाही. ओठ घट्ट मिटून त्यांनी भराभर प्लेटा घेतल्या. एक उरली तेव्हा शांताक्का येऊन एका खडकावर बसली.

"आता माझा काढा."

"बाई, मी आज माणसं काढत नाही."

"दगड काढता. मी काय दगडाहून गेली?"

येसाजीरावांनी उरलेली प्लेट कॅमेऱ्यात सरकवली. त्यांनी तिचा काढला. तिनं घोंगडी डोक्यावरून घेतली, हात गुडघ्यावर ठेवले आणि श्वास रोखून बसली. तिच्यामागं तळं आणि पांढरा काठ होता. "प्रत पाठवा," असं तिनं तीनदा बजावलं.

परतताना बस एका खड्ड्यात आपटली. प्लेटांची पेटी वर टपावर होती, तिच्यातली एकही काच वाचली नाही. शांताक्काची मात्र वाचली. गिऱ्हाईकाची प्लेट येसाजीराव नेहमी स्वतःच्या कोटात छातीशी ठेवत, आणि प्रत मागितली म्हणजे ती गिऱ्हाईक झालीच.

दुसऱ्या दिवशी ते वर कोंडून बसले. मी कॉफी घेऊन गेलो तर खिडकीशी मेज मांडलेलं, प्लेट पुढं आणि हातात पेन्सिल. पेन्सिलीला डाळीचं पीठ लागलेलं होतं.

"काय करताय?"

"काढतोय तिला."

"कुठून?"

"फोटोतून. मागचा काठ सुरेख आलाय. बाईच तेवढी मध्ये आहे."

पण बाई निघेना. डोळे बुजवले, नाक खरवडलं, बोटं एकमेकांत मिळवली, चेहऱ्यावर मिठाचं पूट चढवलं, तरी ती होती तिथंच राहिली. फक्त तिचा खडक झाला. मुदतीच्या दिवशी दुपारी त्यांनी फोटो छापला. आम्ही दोघांनी बघितला. ओळखीचं कुणीतरी दगड होऊन बसलंय असं वाटत होतं.

"हे बरोबर होईल का?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक दिसतंय का कुठं?"

"दिसत नाही."

"मग झालं," ते म्हणाले, पण माझ्याकडं न बघता.

फोटो लागला. दाराशी नाही, आत, चांगल्या उजेडात. मी आणि भागीरथीबाई बघायला गेलो. येसाजीराव त्याच्या समोर नाही, शेजारच्या फोटोसमोर उभे होते, आणि लोक काय म्हणतात ते कान देऊन ऐकत होते. डॉक्टर शेषगिरी आले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"येसाजीराव, मी चाळीस वर्षं खडक बघतोय. असा पाहिला नाही. निसर्गाचा हात बघा कसा फिरलाय."

भागीरथीबाईंनी पदर तोंडाला लावला.

"हा मला प्रत्यक्ष बघायचाय," डॉक्टर म्हणाले. "रविवारी जीप काढू. तुम्ही वाट दाखवा."

रविवारपर्यंत येसाजीराव जिन्यावरून किती वेळा उतरले आणि परत चढले ते मला दुकानात बसून ऐकू येत होतं. नाही म्हणावं तर खडक खोटा ठरतो, न्यावं तरी ठरतो. एवढ्या वर्षांनी लागलेला एकुलता फोटो खिळ्यावरून उतरणार, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. धीराला म्हणून त्यांनी मलाही जीपमध्ये घेतलं.

उप्पिनकेरेच्या काठानं मंडळाची मंडळी फोटो हातात घेऊन फिरली. छत्री सापडली, वाकलेली म्हातारी सापडली. फोटोतला खडक सापडेना. तेवढ्यात म्हशी आल्या आणि त्यांच्यामागं शांताक्का. डॉक्टरांनी तिला फोटो दाखवला. "अम्मा, हा दगड कुठाय?"

तिनं फोटो लांब धरला, मग जवळ. "ही मीच की."

मंडळी हसली. एक वकील म्हणाले, "खाऱ्या पाण्याचा परिणाम."

"मीच," ती म्हणाली. "ही घोंगडी माझी. यांनी माझं नाक कुठं ठेवलं ते विचारा."

येसाजीरावांचा चेहरा त्या काठासारखा पांढरा पडला होता. एक पाऊल पुढं येऊन ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ही खरं बोलतेय. मी हिच्यावर हात फिरवलाय."

डॉक्टरांनी एकदा बाईकडं पाहिलं, एकदा फोटोकडं. मग डॉक्टर शेषगिरी असे हसले की त्यांना जीपला धरावं लागलं. "तुम्ही विनोदसुद्धा करता, येसाजीराव. गेली पंधरा वर्षं मला हे ठाऊक नव्हतं." मग गंभीर होऊन त्यांनी निकाल दिला: पाया बांधायला कुणीतरी तो खडक फोडून नेला असावा, फोटो निघाला हे देशाचं भाग्य. येसाजीराव आणखी दोनदा खरं बोलले. दोन्ही वेळा मंडळी जास्तच हसली.

फोटो मंडळाकडंच राहिला, कायमचा. खाली मोठ्या अक्षरांत येसाजीरावांचं नाव. हवं ते मिळालं की माणूस खूश होतो असं मला वाटत होतं. ते खूश दिसले नाहीत, दुःखीही नाहीत. फक्त पुढच्याच आठवड्यात एकटेच बसनं उप्पिनकेरेला गेले. शांताक्काला नीट बसवून तिचा फोटो काढला, पेन्सिलीचं टोकही न लावता छापला, आणि द्यायला जाताना मला बरोबर नेलं. एकेक सुरकुती, तुटका दात, नाकावरचा तीळ, सगळं जागच्या जागी होतं. हा त्यांच्या हातचा सगळ्यात चांगला फोटो, असं मला तेव्हा वाटलं. मला त्यातलं कळत नाही.

तिनं मागितलेली खडकाच्या फोटोची प्रतही आम्ही नेली होती. शांताक्कानं दोन्ही फोटो शेजारी धरले. खरा परत दिला, खडकाचा ठेवून घेतला.

"तो दगडाचा," ती म्हणाली. "हा माझा. केवढी शांत दिसते यात."

बसमध्ये येसाजीराव खिडकीकडं तोंड करून बसले होते. खांदे हलत होते. रडतायत असं वाटून मी दुसरीकडं पाहू लागलो. मग बघितलं तर हसत होते, आणि शहर येईपर्यंत थांबले नाहीत. त्यानंतर त्यांनी निसर्ग सोडला. पुन्हा मुली, नवरदेव, गाल भरणं. हौशी मंडळाच्या प्रदर्शनाला मात्र ते तिकीट न काढता जात.

पुढची बरीच वर्षं मी त्यांचे बूट आणि छत्रीच बघितली. शेवटचं आमचं बोलणं झालं ते एका शनिवारी, बटणावरून. कोटाचं तुटलेलं बटण घेऊन ते दुकानात आले होते.

"असलं आहे का?"

"तपकिरीत चार भोकांचं आहे. तुमचं दोन भोकांचं."

"चालेल. लांबून कोण मोजतंय."

"सोमवारी या की. तसलंच काढून ठेवतो."

"सोमवारी एक मुंज आहे. मंगळवारी येतो."

"मंगळवारी दुपारनंतर या," मी म्हणालो, "सकाळी मी बाजारात असतो."

"बरं," ते म्हणाले.