छपरीतला साक्षीदार

लेकीचा फोन आला तेव्हा मी गोंदियाजवळच्या मुर्रीत, घरासमोरच्या छपरीत बसून सायकलच्या चेनला तेल देत होतो. "बाबा, आमचे बाबा गेले," एवढंच सरिता म्हणाली आणि रडायला लागली. 'आमचे बाबा' म्हणजे तिचे सासरे खेमलाल, माझे इवाई. पुस्तकात व्याही लिहितात, आमच्याकडे इवाई म्हणतात. लेकीला धीर द्यायचा सोडून माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "सायकलवरून?" ती म्हणाली, "नाही हो बाबा, खाटेवर बसले होते. चहा मांगितला, मी आणतपर्यंत…" बायको मला अजून बोल लावते की अशा वेळी असं कोणी विचारते का. पण ती आमच्या भांडणात नव्हती. आमचं दोघांचं भांडण बारा-पंधरा वर्षं चाललं, आणि ते एकाच गोष्टीवरून होतं. सायकलवर हेल्मेट घातल्यानं माणसाचं डोस्कं खरंच वाचते, का नुसतं मनाचं समाधान. इवाई सायकलवरून पडून गेले असते, तर इकडे का तिकडे, निकाल तरी लागला असता. ते खाटेवर बसून गेले. निकाल तसाच राहिला.

माझी शाळा चौथीपर्यंत. लिहायची सवय नाही. पण इवायांवर कोणी लिहायचं झालं तर मीच लिहावं, कारण त्यांचं एवढं ऐकून घेतलेला दुसरा माणूस या जिल्ह्यात नाही.

नव्याण्णव साली सरिताचं लग्न झालं. इवायांचं गाव नागझिऱ्याच्या अंगाला, जंगलाला लागून. लग्नात त्यांनी मला टोपी-दुपट्टा केला. इवायानं डोस्क्यावर घातलेला आहेर सूर्य बुडेपर्यंत उतरवायचा नाही, असं आमच्या घराण्यात चालत आलेलं आहे. माझ्या बापानं पाळलं, मी पाळलं. मे महिन्याचं ऊन, टोपीखालून घामाच्या धारा. खेमलाल जवळ येऊन म्हणाले, "काढा ना इवाई, कोणी पाहून नाही राहिलं." मी म्हटलं, "मी पाहून राहिलो ना!" ते एवढ्या जोरानं हसले की मांडवातले लोक वळून पाहायला लागले. मला वाटतं, माझ्या या अडेलपणाची त्यांना त्या दिवशीच ओळख पटली, आणि पुढे त्यांनी त्याचा फायदाही घेतला.

ते नागझिऱ्यात पर्यटकांना जंगल दाखवायचे. घरापासून जंगलाच्या गेटापर्यंत रोज सायकल. एकदा कोणी शहरातला पर्यटक सायकल घेऊन आला होता. खुश झाला आणि जाताना आपलं हेल्मेट यांना देऊन गेला. हलकं, वरून चिरा-चिरा पाडलेलं, आतून थर्माकोलासारखं. दुसरा कोणी असता तर खुंटीला टांगून विसरला असता. इवायांनी ते डोस्क्यावर चढवलं आणि मग रोज चढवलं. मोटरसायकलवालेही तेव्हा इकडे हेल्मेट घालत नव्हते. गावातली पोरं मागे धावायची, "टरबूज आला, टरबूज आला!" इवाई सायकल थांबवायचे, बोटाच्या पेरानं हेल्मेटावर टकटक वाजवायचे आणि म्हणायचे, "पिकलं का पाहा!" पुढे तोच त्यांचा रामराम झाला. एसटीच्या टपावर सायकल टाकून ते गोंदियात उतरायचे, तिथून सायकलनं मुर्रीला यायचे आणि आमच्या छपरीसमोर आले की आवाज न देता टकटक वाजवायचे.

मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "इवाई, हे काय चाळणी घातली?"

"डोस्क्याले जपते."

"हायवेवर ट्रक येऊन राहिला तं हे थर्माकोल त्याले थांबवन काय?"

"ट्रकसाठी नाही, इवाई. पडण्यासाठी आहे."

"साठ वर्षांत किती वेळा डोस्क्यावर पडले तुम्ही?"

"एक डाव पडलो तं मोजायले राहीन का?" मग म्हणाले, "आनि जंगलात अस्वल आहे. ते पहिले डोस्कंच धरते."

"मंग अस्वलालेच घालून द्या ना, त्याचे दात तरी वाचतीन!"

असं आमचं चालायचं. पण गंमत सोडली तर माझं म्हणणं साधं होतं, आणि आजही आहे. माणसाला जपते ते भेव. डोस्क्यावर टोपलं चढलं की भेव कमी होते. भेव कमी झालं की ब्रेकावरचा हात ढिला पडते. आणि मागून येणारा गाडीवालाही पाहते की याच्या डोस्क्यावर आहे काही, मग तो अंग राखून जात नाही. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढून घेतलं. मग वाचलं काय? इवाई म्हणायचे, "घरावर गवताच्या जागी कवेलू टाकले म्हणून कोणी चूल विझवायची सोडते का? जपून चालणं वेगळं, जपणारी वस्तू वेगळी. दोन्ही ठेवा ना." बोलण्यात मी त्यांना पुरा पडत नव्हतो, हे मी कबूल करतो. फक्त बोलण्यात.

आमची नात रोशनी वर्षाची झाली तेव्हा तिच्या जावळाचा कार्यक्रम त्यांच्या गावी होता. सगळे पाहुणे जमलेले. टोपी-दुपट्ट्याची वेळ आली, मी डोस्कं पुढे केलं आणि इवायांनी टोपीच्या जागी हेल्मेट घातलं! वरून पट्टाही हनुवटीखाली अडकवून दिला. मोठ्यानं म्हणाले, "आहेर आहे, इवाई." बायांनी पदर तोंडात घातले. आता काय करता? उतरवलं तर माझ्या बापाची रीत मोडते. तसाच जेवायला बसलो. वाढणाऱ्या पोरी माझ्याजवळ आल्या की हसून भाजी सांडायच्या. दिवसभर ते टरबूज डोस्क्यावर. सूर्य तळ्याच्या पलीकडे गेला तेव्हा मी ते काढून त्यांच्या हातात दिलं. "घ्या तुमची चाळणी." त्यांनी माझ्या कपाळावर पट्ट्याचा वळ पाहिला आणि स्वतःच्या दुपट्ट्यानं घाम पुसला. "मानलं इवाई तुमाले," म्हणाले. "हेल्मेटाले नाही मानलं ना?" मी विचारलं. "ते तुम्ही मानायचं आहे."

मग तो उड्डाणपूल. गोंदियाच्या बाजारातून आम्ही दोघं आपापल्या सायकलींनी मुर्रीला येत होतो. पुलाचा चढ दोघांनीही पायी चढला. उताराला मी ब्रेक दाबून, कडेकडेनं. इवायांनी पायडल सोडले, हात ढिले केले आणि पोरासारखे निघाले. मी मागून ओरडलो, "इवाई, हळू!" मधात कुत्रं आलं. ते हँडलावरून उडाले आणि डोस्क्यानं रस्त्यावर आपटले. तो आवाज मी ऐकला आहे… मडकं फुटल्यासारखा. माझी सायकल कुठे पडली, मला कळलं नाही. जाऊन पाहतो तर इवाई उठून बसलेले, खांदा धरलेला, हेल्मेट डोस्क्यावरच, पण कपाळापासून मागपर्यंत आरपार फट. फळांच्या गाडीवाला धावत आला. "चाचा का सर बच गया, टोपा फूट गया!" त्या वेदनेतही इवाई माझ्याकडे पाहून म्हणाले, "ऐकलं?"

खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. प्रवासानं हलेल म्हणून आमच्याच घरी ठेवलं. सुनेच्या माहेरी राहायला ते लाजत होते, मी म्हटलं, लाज वाटत असन तं गुपचूप राहा. गुपचूप राहतील ते इवाई कसले. खांदा बांधून छपरीत बसायचे, हेल्मेट मांडीवर घ्यायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फट दाखवायचे. "हे फुटलं म्हणून मी नाही फुटलो." मी म्हणायचो, "फुटलं म्हणजे कच्चं होतं. आनि हे नसतं तं तुम्ही उताराले हात सोडलेच नसते." ते म्हणायचे, "हात तं मी लहानपणापासून सोडतो, हेल्मेट आता आलं." एकच फट. त्यांना त्यात त्यांचं खरं दिसायचं, मला माझं. शेजारी ऐकून कंटाळून उठून जायचे, आम्ही नाही कंटाळलो. ते दिवस आठवले की अजून छपरीत कोणी बोलत असल्यासारखं वाटते. हाड जुळल्यावर निघताना त्यांनी ते फुटकं हेल्मेट माझ्या छपरीतल्या खुंटीला टांगलं. "हा साक्षीदार तुमच्याकडेच राहू द्या. कधी ना कधी तोंड उघडन."

त्यांनी नागपूरवरून दुसरं आणवलं. पुढे रोशनी मोठी झाली, सायकलनं शाळेत जायला लागली. शाळेची वाट हायवेच्या कडेनं. देवरीकडून येणारे ट्रक म्हणजे काय, ते तिथं राहणाऱ्यालाच माहीत. आज्यानं तिच्यासाठीही हेल्मेट आणलं. आमची नात हुशार. तिनं ते हँडलाला टांगलं, त्यात जेवणाचा डबा ठेवला, आणि आजा रागावला की म्हणायची, "मुर्रीचे नाना म्हणतात काही फायदा नाही." आजा जास्तच बोलला तेव्हा तिनं तोड काढली, "तुम्ही आनि नाना, दोघं पहिले एक बोला. मंग घालीन."

म्हणून इवाई शेवटचे आले ते त्याच कामासाठी. छपरीसमोर टकटक झालं. चारोळीची पुडी आणली होती, ती बायकोच्या हातात दिली आणि माझ्यासमोर बसले. नेहमीची थट्टा नव्हती.

"इवाई, माझ्यासाठी नका म्हणू. पोरीसाठी म्हणा. एक डाव तिले सांगा, हेल्मेटानं डोस्कं वाचते."

"जे मले पटलं नाही ते कसं सांगू?"

"सांगितल्यानं तुमचं काय जाते?"

"माझं नाही जात. मी सांगितलं की तिचं भेव जाईन. ती ट्रकाच्या बाजूनं बेधडक जाईन. तुम्ही उताराले गेले तसी."

ते खुंटीकडे पाहत बसले. "पोरीचं डोस्कं आहे, इवाई… आपल्या भांडणाचं मैदान नाही." मी म्हटलं, "म्हणूनच तं." चहा पिऊन उठले. वळणावर गेल्यावर त्यांनी मागे न वळता हात वर केला आणि हेल्मेटावर टकटक वाजवलं. आवाज माझ्यापर्यंत आला नाही. दिसलं फक्त.

त्यानंतर सरिताचा तो फोन.

तेरवीला रीतीप्रमाणे जावयाला दुपट्टा मी बांधायचा होता. बांधला. जावयानं डोस्कं वाकवलं तेव्हा मागून पाहिलं तर थेट बापाचीच मान. हात थोडा थांबला. मग मी उठलो. आंगणात रोशनीची सायकल भिंतीला टेकलेली होती, हँडलाला हेल्मेट लटकत होतं. ते काढलं, झटकलं आणि भरल्या मंडपात रोशनीला हाक मारली. ती रडून-रडून डोळे सुजवून बसली होती. समोर आली. मी तिच्या डोस्क्यावर हेल्मेट घातलं आणि पट्टा लावला. मला पट्टा लावता येते, एकदा दिवसभर घालून बसलो होतो. त्यांच्या भावकीतले एक म्हातारे म्हणाले, "हे काय करून राहिले पाहुणे? दुःखाच्या घरी पोरीबाळीले आहेर करत नाही." मी म्हटलं, "तुमच्याकडे नसन करत. मी करून राहिलो."

रोशनी हळूच म्हणाली, "नाना, म्हणजे आजाचं खरं होतं?"

"मी असं नाही म्हटलं."

"मंग?"

"मंग काही नाही. डोस्क्यावर काही नाही असं समजून चालवायची. ब्रेकावरचा हात सोडायचा नाही. हे माझं. आनि हा इवायाच्या घरचा डोस्क्यावरचा आहेर आहे, सूर्य बुडेपर्यंत उतरवायचा नाही. हे आजाचं. झालं एक?"

तिनं नाक पुसलं. "आजच्या दिवस ना?"

"मी रोज सकाळी आहेर केला असं समज."

सरिता सांगते, पोरगी घालून जाते. डबा आता पिशवीत ठेवते.

परवा घराला चुना मारायचा होता तेव्हा मुलानं खुंटीवरचं फुटकं हेल्मेट भंगाराच्या ढिगात टाकलं. मी ते उचललं, पुसलं, परत टांगलं. तो म्हणाला, "बाबा, हे कोणत्या कामाचं?" त्याला काय सांगू. सकाळी छपरीत आलो की मी त्या फटीकडे पाहतो. माझं मत बदललेलं नाही. हात सोडले नसते तर पडलेच नसते. पण आता माझं म्हणणं खोडायला समोर कोणी बसत नाही, आणि न खोडलेल्या गोष्टीत काही मजा नाही, हे मला या वयात कळून राहिलं. मग मी बोटाच्या पेरानं हेल्मेटावर टकटक वाजवतो. जुनं थर्माकोल, आवाज बद्द येते. थोडा वेळ थांबतो. 'काऊन इवाई, मानलं का?' असं त्यांना विचारायला जेवढा वेळ लागायचा, तेवढाच.

मग म्हणतो, "नाही."