झडतीवाली मावशी

कोणत्याही बाईची झडती घेण्याआधी सगुणामावशी स्वतःची झडती द्यायची. अंगणात सगळ्यांसमोर पदर झटकायची, कमरेचा बटवा उलटा करायची, दोन्ही तळवे पुढे धरायची आणि म्हणायची, "पहिले मले पाहून घे बाई, मंग मी तुले पाहीन."

ती मध्य प्रदेशातल्या बालाघाटात एका दवाखान्यात आया होती. बाईची झडती बाईनंच घ्यायची असा कायदा, आणि त्या काळी आमच्या पोलीस ठाण्यात बाई शिपाई एकही नव्हती. म्हणून पोलिसांची जीप मावशीच्या दारात थांबायची. ती जीपमध्ये बसून गेली की शेजारणी दोन-दोन दिवस तिच्याशी बोलत नसत.

मी तिच्याच गल्लीतला शाळामास्तर. एकदा म्हणालो, "काहून जाता मावशी? नाही म्हणा ना."

"गुरुजी, माहा नवरा त्यायच्या कपाटात हाये."

नवरा मोहाच्या दारूसकट सापडला होता. ठाण्यानं खटला भरला नव्हता, कागद मात्र जपून ठेवला होता. मावशीनं नाही म्हटलं की तो बाहेर निघणार होता.

आमच्या मोहल्ल्यातली रुखमा एका रस्ता-ठेकेदाराकडे भांडी घासायची. तिचा नवरा मजुरांना जमवून त्याच ठेकेदाराविरुद्ध बोलू लागला, आणि नेमकी तेव्हाच ठेकेदाराच्या घरातली अंगठी गेली. आळ रुखमावर आला. झडतीला मोहल्ल्यातले दोन पंच लागतात. एक किराणावाले शेठ, दुसरा मी.

रुखमाच्या अंगणात हवालदारानं मावशीला बाजूला नेलं आणि तिच्या हातात काहीतरी दिलं. तिनं ते मुकाट कमरेला खोचलं. मग आमच्यासमोर येऊन नेहमीसारखा पदर झटकला. त्या दिवशी जरा जास्तच जोरात. कागदाची पुडी माझ्या पायाशी पडून उघडली. आत अंगठी.

"हवालदारसायबानं आत्ताच देल्ली," मावशी म्हणाली. "रुखमाच्या अंगावर सापडली म्हणून सांगाची होती. पंचायनो, पाहून घ्या."

हवालदारानं अंगठी उचलून खिशात टाकली. मावशी रुखमाला आत घेऊन गेली आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाली, "काईच नाही."

पंचनाम्यात तेवढंच उतरलं. पुडीचा त्यात शब्दही नव्हता. शेठनं न वाचता सही केली. मी वाचला.

"दस्तखत कीजिए, मास्टरजी," हवालदार हळूच म्हणाला. "नौकरी सरकारी है न आपकी?"

मी सही केली.

रुखमा सुटली. पंधरा दिवसांत कपाटातला कागद निघाला, मावशीचा नवरा तुरुंगात गेला आणि तिचं दवाखान्यातलं कामही गेलं. ती भावाकडे गोंदियाला निघाली तेव्हा मी बसस्टँडवर गेलो.

"मावशी, मी पुडीचं लिहायला लावायला पाहिजे होतं."

ती माझी समजूत घालेल, असं मला वाटलं होतं. तिनं गाठोडं मांडीवर ओढून घेतलं.

"हौ गुरुजी," ती म्हणाली. "लावाले पाह्यजे होतं."

काही वर्षांनी मला पुन्हा पंच म्हणून नेलं. त्याही कागदात घडलेलं सगळं नव्हतं. पेन हातात घेऊन मी म्हणालो, "राहिलेलं लिहा, मग सही करतो." बऱ्याच वेळानं त्यांनी ते लिहिलं. महिन्याभरात माझी बदली बैहरकडच्या जंगलातल्या एका शाळेत झाली.

तिथून मी मावशीला पत्र लिहिलं, भावाच्या पत्त्यावर. ते परत आलं. चौकशी केली, तर भाऊ घर सोडून गेला होता, आणि त्याच्यासोबत मावशी कुठं गेली, हे गोंदियात कुणालाच माहीत नव्हतं.