डिकीच्या दारावरचा हात

मिरकरवाड्याच्या जेटीवर गाड्या पुष्कळ येतात, पण कमळाची ओम्नी लांबूनच ओळखू यायची. त्या गाडीचा रंग गाडीचा नव्हताच मुळी, होडीचा होता. कमळाचा नवरा धोंडू दर वर्षी नारळी पौर्णिमेआधी आपली होडी रंगवायला काढायचा आणि डब्यात उरेल तो रंग ब्रशाने गाडीला फासायचा. एका वर्षी लाल, पुढच्या वर्षी पोपटी. रंग फुकट जाता कामा नये, एवढंच त्याचं शास्त्र. पत्र्यावर ओघळ आलेले, ब्रशाचे केस रंगात अडकून तसेच सुकलेले. लोक म्हणायचे, "धोंडू, होडीला चाकं लावलीस काय रे?" धोंडू हसायचा. कुणी नाक मुरडलं म्हणून हातातला ब्रश खाली ठेवणारा माणूस तो नव्हता.

त्याची आणखी एक खोड होती. रंग सुकला का हे बघायला शहाणी माणसं बोटाचं टोक लावतात. धोंडू अख्खा पंजा टेकवायचा. रंग ओला निघायचा, मग स्वतःलाच एक शिवी, आणि त्या जागी पुन्हा ब्रश. शेवटच्या वर्षी डिकीच्या दारावर असाच पंजा उमटला आणि नेमका डबा संपला. ती जागा तशीच राहिली. पोपटी रंगात उजव्या हाताचा पंजा, त्यातून डोकावणारा खालचा लाल रंग, आणि मधलं बोट अर्धंच. ते बोट तरुणपणीच जाळ्याच्या दोरात सापडून गेलेलं.

त्याच मोसमात जाळं ओढता ओढता छातीत कळ आली आणि धोंडू गेला. होडी बुरोंडीच्या एकाने घेतली. त्याने पहिलं काम काय केलं, तर ती निळी रंगवली. त्याचं तरी काय चुकलं म्हणा, होडी त्याची होती.

कमळाला रडत बसायला सवड नव्हती. सकाळी लिलावात मासळी घ्यायची, बर्फात भरायची आणि लांज्याच्या बाजारात नेऊन विकायची. गाडी चालवायला धोंडूनेच शिकवलेलं. टोपल्या भरून झाल्या की ती डिकीचं दार खाली ओढायची आणि तळवा बरोब्बर त्या पंजावर ठेवून दाबायची. रोज. दुसऱ्या कुणी दार आपटलं की त्याची धडगत नसायची. "हळू लाव मेल्या! दार हाय ता, नारळ नाय फोडायचा!" बायकांना वाटायचं, गाडीवर भारी जीव हिचा. पंजाबद्दल तिने कुणाकडे चकार शब्द काढला नव्हता. पोटच्या पोरीकडेही नाही.

काढणार तरी कसा? तीस वर्षांच्या संसारात धोंडूने चारचौघांत कधी तिचा हात धरला नव्हता. आता तो गेल्यावर ही बाई गाडीच्या दाराचा हात धरते, हे सांगायचं कुणाला आणि कुठल्या तोंडाने?

मग गाडीच्या नोंदणीची मुदत भरली. पुन्हा पासिंग करायचं तर गाडी कागदावर होती तशी पांढरी दिसायला हवी होती. मुलगी दिशा लांज्याच्या दवाखान्यात नर्स आहे, कागदाबिगदाचं तीच बघते. ती म्हणाली, "आई, सरळ रंगवून घे. सुलेमानचाचा हायत ना."

सुलेमान म्हणजे धोंडूचा लहानपणापासूनचा दोस्त. नाचणे गावाच्या रस्त्याला त्याचं गॅरेज, गाड्या रंगवण्यात उभं आयुष्य गेलेलं. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, नखाने रंग खरवडला आणि कपाळाला हात लावला.

"वयनी, ह्या धोंड्यान् गाडीचा मुरांबा केलान. समदा घासून पत्र्यापर्यंत जावा लागंल. मगच रंग धरंल."

"समदा?"

"समदा. बोटभर ठेवून चालायचा नाय."

कमळाने मान डोलावली, गाडीत बसली आणि तिथून सरळ जुनेदच्या दुकानात गेली. जुनेद सुलेमानचाच पुतण्या. दुबईहून गाड्यांना शीट लावायचं काम शिकून आलेला. घासायचं नाही, खरवडायचं नाही, हव्या त्या रंगाची प्लास्टिकची शीट गाडीवर चिकटवायची, की गाडी नवी. कमळाने एकच विचारलं, "शीट काढली तर खालचा रंग तसाच ऱ्हातो ना रे?"

"कंपनीचा रंग असंल तर तसाच. पण मावशी, हा ब्रशाचा रंग. ह्याच्यावर शीट किती टिकंल त्याची ग्यारंटी मी देत नाय. चाचांकडं रंगवा तुम्ही."

माणसाला ऐकायचं असतं तेवढंच ऐकू येतं. कमळाच्या कानात "तसाच" एवढं राहिलं. ती म्हणाली, "तू लाव."

जुनेदने शीट लावली. गाडी पांढरीशुभ्र झाली आणि पास झाली. सुलेमानला कळलं तेव्हा तो आठ दिवस फुगून होता. दोस्ताच्या बायकोने आपल्याला डावलून पोराकडे जावं, हे त्याला लागलं. कमळाने ते मुकाट्याने सोसलं. कारण शीटखाली पंजा होता. दिसत नव्हता, पण तळवा ठेवला की त्याची कड बोटांना लागायची. अर्ध्या बोटाची जागाही लागायची. झाकलेलाच बरा, ऊन लागायचं नाही, अशी तिने मनाची समजूत घातली. ते वर्ष ती खरोखर सुखात होती, हेही सांगितलं पाहिजे.

पण खाऱ्या हवेला कुणाची समजूत पटत नाही. पावसाळाभर शीटच्या कडांतून पाणी शिरत राहिलं. आतल्या आत पत्रा फुगला. डिकीच्या दारावर खालून फोड चढत आले आणि एक दिवस बोटांना नुसते फोडच लागले. पंजा कुठे आणि गंज कुठे, काही कळेना. दिशानेच गाडी सुलेमानच्या गॅरेजमध्ये नेऊन उभी केली.

जुनेद गरम हवेचा पंखा घेऊन शीट सोडवायला आला. दोन्ही बाजू निघाल्या, पुढचा भाग निघाला. कमळा डिकीमागे उभी होती. मागची शीट त्याने कोपऱ्यातून धरून ओढली, आणि शीटबरोबर रंगही सोलून आला. पोपटी थर अख्खा शीटला चिकटून आला. दारावर उरला तो जुना लाल रंग आणि गंज.

"थांब! थांब रे!"

जुनेद थांबला, पण थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं. शीट त्याच्या हातात लोंबत होती. तिच्या चिकट बाजूवर पोपटी रंग होता, आणि मधोमध पंजाएवढी जागा मोकळी, पांढरी. उजव्या हाताचा डावा झाला होता. मधलं बोट अर्धंच होतं.

कमळा पुढे झाली आणि सवयीने तिने त्यावर तळवा ठेवला. डिंक अजून ऊन होता. हात धरला गेला. सोडवला तसे रंगाचे पापुद्रे तिच्या तळव्याला चिकटून आले आणि शीटवर जे काही होतं, तेही मोडलं.

सुलेमान सगळं बघत होता. त्याने जवळ येऊन शीट उजेडात धरली.

"ह्यो धोंड्याचा हात."

कमळाने मान हलवली.

"म्हणून रंगवू दिलं नायस?"

ती आपल्या तळव्याकडे बघत राहिली. सुलेमानचा आवाज एकदम चढला. "अगो, मग बोलायचंस ना! तोंड नव्हतं तुला? दोन बिजागऱ्यांचं काम. दारच्या दार काढून तुझ्या घरात भिंतीला लावून दिला असता! ओम्नीची दारं भंगारात हवी तेवढी पडलीत. मला काय परका समजलंस?" त्याने पाठ फिरवली आणि विनाकारण पॉलिशपेपर शोधू लागला.

दोन बिजागऱ्या. कमळाच्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. रंगवणं की शीट, एवढंच तिला दिसलं होतं. एका वाक्याची लाज वाटली नसती तर आज तो हात घरात असता. ती तिथेच पत्र्याच्या डब्यावर बसली आणि धोंडू गेला तेव्हाही रडली नव्हती इतकी रडली.

सुलेमानने गाडी रंगवली. इतकं सुबक काम त्याने गेल्या कित्येक वर्षांत केलं नसेल. हात फिरवला तर कुठे कड नाही, ओघळ नाही, ब्रशाचा केस नाही.

दुसऱ्या दिवशी जेटीवर टोपल्या भरून झाल्या. कमळाने डिकीचं दार खाली ओढलं आणि तसंच सोडून दिलं. ते धाडकन आदळलं. चार बायका वळून बघायला लागल्या. सावित्री लांज्याच्या बाजारात तिच्या शेजारी बसून मासळी विकायची, ती म्हणाली, "काय गो कमळा, आता दार आपटलेलं चालता तुला?"

"चालता," कमळा म्हणाली. "आता काय नाय त्याच्यावर."