पौषात वाजलेलं आखाजीचं गाणं

भडगावच्या पंचक्रोशीत ऋतू आपले आपण बदलत नाहीत. रेडिओवाल्या नानांनी परवानगी दिली तरच बदलतात. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. पत्रकं लिहून हात तयार झालेल्या माणसाला गंमत जमत नाही. कॉलेजच्या जुन्या प्रयोगशाळेमागच्या खोलीत नानांनी अहिराणी गाण्यांचं छोटं रेडिओ केंद्र उभं केलं, तेव्हा आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लावायला काहीच नव्हतं. गावोगावच्या बायकांनी गोधड्या दिल्या. थंडी पडली की त्याच बायका येऊन आपापली गोधडी घेऊन जात. त्यामुळे पौषात केंद्र विहिरीत बसून बोलतंय असं वाटे. नाना म्हणत, "थंडीमा आवाज बी गारच राहस."

नानांचा कायदा एकच : ज्या महिन्याचं गाणं त्याच महिन्यात. खानदेशच्या कानबाई देवीची गाणी श्रावणात. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर म्हणतात ती गाणी वैशाखात. एका पुढाऱ्याने आपल्या वाढदिवसाला, ऐन मार्गशीर्षात, आखाजीचं गाणं मागितलं. नानांनी निरोप धाडला, "साहेबले सांगा, जनम वैशाखमा लेवाना व्हता." पौषात एक संक्रांत सोडली तर सण नाही, लग्न नाही, म्हणून गाणंही नाही. महिनाभर नाना नुसते बाजारभाव सांगत.

याच पौषात कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांनी फर्मान काढलं : "हे ऐकतं कोण? महिनाअखेर केंद्र बंद. तिथे स्पर्धा परीक्षेचा वर्ग काढू." केंद्रात नानांच्या हाताखाली काम करणारी मी पेटले. जळजळीत पत्रक लिहिलं, जळगाव-धुळ्यापर्यंत वाटलं. नानांनी ते शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "पोरी, येले चाल लाव. बिगर चालनं कोनी आयकत नही."

दुसऱ्या दिवशी नाना दाढ काढायला चाळीसगावला गेले. नेमके तेव्हाच सचिव खोली मोजायला आले आणि बाजारभाव ऐकून वैतागले. "एखादं गाणं तरी लावा! ते झोक्याचं लावा."

"साहेब, पौष चालू आहे," मी म्हटलं.

"गाण्याला कसला आलाय पौष?" म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने गाणं लावलं.

कडवं संपायच्या आत फोन आला. पलीकडून एक बाई रडत होत्या. "नाना मरी गया का वं? पौषमा आखाजीनं गानं! नाना जित्ता राहता तं वाजू देता का?" मग फोन थांबेचना. मी घसा फोडून सांगत होते, नाना धडधाकट आहेत. कुणाचा विश्वास बसेना. तासाभरात फाटकाशी रिक्षा, ट्रॅक्टर, बैलगाड्या. कुणी हारही आणला होता. एक म्हाताऱ्या अक्का नानांच्या अंगावर घालायला आपली गोधडी घेऊन आल्या होत्या. 'ऐकतं कोण' विचारणारे सचिव खिडकीतून ही गर्दी बघत राहिले.

तेवढ्यात रिक्षातून नाना उतरले. सुजलेला गाल, तोंडात कापूस. अक्कांनी आधी रडून घेतलं, मग झापलं, "मरानं नव्हतं तं सांगीसन जावानं व्हतं ना!" सगळे हसले आणि कितीतरी जणांनी डोळे पुसले. सचिव पुटपुटले, "वर्ग दुसरीकडे भरवू. केंद्र चालू राहील." मी तेच वाक्य त्यांच्याकडून माइकवर वदवून घेतलं. पत्रकं वाटून तेवढं तरी शिकले आहे.

गर्दी पांगली. ऐन थंडीत अक्का आपली गोधडी परत न नेता भिंतीला लावून गेल्या. नाना तिच्यावरून हात फिरवत होते. माझ्या मनातली धास्ती अजून गेली नव्हती, म्हणून सरळ विचारलं, "नाना, तुम्ही खरंच गेलात, तर काय लावू?"

त्यांनी तोंडातला कापूस काढला. "जो महिना राही, त्या महिनानं गानं."

"आणि पौष असला तर?"

नानांनी जरा विचार केला. "मंग बाजारभाव सांगजो. आन् आखाजीनी वाट देखजो."