पीळ नसलेला धागा

आमच्या वेळी मास्तरीण व्हायचं तर ट्रेनिंगमध्ये सूत कातून पास व्हावं लागे. मुलांना बाराखडी येवो न येवो, बाईंच्या सुतात कस हवा! मी रोहण्याच्या कापूस पिकवणाऱ्या घरातली, पण माझं सूत नुसतं बघितलं तरी तुटायचं. एकदा नापास झालेच होते. पुन्हा झालीस तर नोकरी विसर आणि वडनेरचं स्थळ पत्कर, असं बाबांनी बजावलं होतं. त्या स्थळाला मिशाच तेवढ्या होत्या.

नागपूरला बी.एस्सी. करणाऱ्या दादानं जुन्या बाजारातून पॅराशूटचा नायलॉनचा धागा आणला. मी ओढओढ ओढला.

"हा काऊन नाई तुटत?"

"कापसाचे तंतू आखूड," दादा म्हणाला. "पीळ दिला तरच एकमेकाले धरून राह्यतात. याचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. धागा ताणला का साऱ्या एका दिशेनं लागतात अन् शेजारणीले घट्ट धरतात. याले पिळाची गरजच नाई."

'गरजच नाई' मला फार आवडलं. मी त्या धाग्यावर कापूस चढवून सूत काढलं.

परीक्षेत गुरुजी भिंतीतल्या खिळ्याला सूत बांधत, त्याला पारडं टांगून वजनं टाकत. बाकीच्यांची सुतं पासापुरती वजनं पेलून रीतसर तुटली. माझं तुटेना. वजनं संपली. गुरुजींनी कुलूप ठेवलं, मग दौत, मग स्वतःची वहाण. शेवटी मातीच्या भिंतीतला खिळाच निघाला. बेतानं मजबूत करायची अक्कल मला नव्हती! गुरुजींनी धाग्याला काडी लावली. कापूस भुर्रकन जळला, आतला धागा वितळून त्याचा मणी झाला.

मी रडत सगळं कबूल केलं, साखळ्यांसकट.

"विज्ञान उत्तम. सुतात नापास," म्हणत त्यांनी उरलेला धागा जप्त केला.

बाबांशी भांडून मी आणखी सहा महिने मिळवले आणि बोटं सोलेपर्यंत पीळ देत बसले. पुन्हा परीक्षा आली. या खेपेला सूत बरंच टिकलं, पण पासाला लागणारं शेवटचं वजन पडताच तुटलं. मिशा डोळ्यांपुढे दिसायला लागल्या.

"पीळ जरा कमी पडला, पोरी," गुरुजी म्हणाले आणि वहीत लिहायला वाकले. त्यांच्या चष्म्याची एक काडी तुटलेली होती. तिच्या जागी कानामागे पांढरा, चकचकीत धागा बांधला होता. तो मी कुठेही ओळखला असता. मला असा राग आला!

"गुरुजी, तुमच्या चष्म्याच्या दोरीले तर पीळच नाई."

गुरुजींचा हात कानाकडे गेला. मग त्यांनी वहीत 'उत्तीर्ण' लिहिलं आणि मान वर न करता म्हणाले, "पुढची कोण आहे?"